गेममधल्या गावांचं बारसं कोण करतं आणि कशावरून?

भटकी_मांजर

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मे महिन्यात एसटीने आजोळी निघालो होतो, ठाणे ते चिपळूण. त्या प्रवासात तिनं वहीच्या मागच्या पानावर एक नकाशा काढला. शाळेत स्क्रॅच शिकवलंय, त्यात गेम करायचाय म्हणे. एक नदी, एक मोडका पूल आणि सात गावं. पूल मोडका का, तर "नसेल तर सगळे लगेच पोचतील ना". यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पेण मागे पडलं तसं म्हणाली, आई, गावांना नावं सांग. मी सूर्यनगर म्हटलं. "ही सोसायटी आहे." चंद्रपूर म्हटलं. "हे भूगोलात आहे." सोनगाव म्हटलं, तर तिनं माझ्याकडे अशी काही नजर टाकली की महाडपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर म्हटलं, गेमवाले कशी ठेवतात ते तरी बघू. कॉलेजात असताना एम्युलेटरवर, म्हणजे मूळ यंत्राऐवजी कॉम्प्युटरवर, पोकेमॉन रेड दोनदा संपवलाय मी. गावं आठवायला लागले. व्हिरिडियन, प्यूटर, सेरुलियन, व्हर्मिलियन, लॅव्हेंडर, सेलाडॉन, फ्यूशिया, सॅफ्रन... अहो, हे सगळे रंग आहेत! आणि पहिलं गाव पॅलेट, म्हणजे रंग कालवायची पाटी. हे मला पस्तिशी ओलांडल्यावर कळतंय.

तर प्रश्न असा: असं एक सूत्र धरून नावं ठेवली की खेळणाऱ्याला त्याचा काही उपयोग होतो का, की बनवणाऱ्यांचीच आपापसातली गंमत? तुम्हाला लक्षात राहिलेली गावं सांगा. आणि सात नावंही सुचवा, मुलगी रोज विचारते.

शून्य_ब्याटरी

पस्तिशीत कळलं म्हणजे लवकर कळलं. मी पॅलेटला 'पॅलेस टाउन' वाचायचो. दोन घरं आणि एक प्रयोगशाळा. राजवाडा कुठाय म्हणून आठवडाभर हिंडलो.

चौकोनी_लाडू

पॉपकॉर्न घेऊन बसतेय. सात नावं नंतर सुचवते, आधी भांडणं होऊ द्या.

गच्चीवरचा

मांजरताई, एम्युलेटरवर खेळलात म्हणून तुमच्या हातून यातली खरी गंमत निसटली.

२००० च्या दिवाळीत बाबा मस्कतहून आले तेव्हा माझ्यासाठी गेम बॉय पॉकेट आणला होता, सोबत रेडची कॅसेट. दोन बारीक सेलवर चालायचा. पडद्याला दिवा नाही, त्यामुळे संध्याकाळी जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली बसायचं आणि यंत्र तिरकं धरायचं, म्हणजे चित्र दिसायचं. त्या पडद्यावर रंग किती? चार. आणि चारही करडेच, एक फिक्का, दोन मधले, एक गडद.

आता विचार करा, अशा यंत्रासाठी बनवलेल्या गेममध्ये गावांना रंगांची नावं दिलीत. फ्यूशियात शिरलं की पाटी असायची, बघा हा जोशपूर्ण गुलाबी, अशा अर्थाची. सेरुलियनला म्हणायचे इथे गूढ निळी आभा आहे. आणि समोर काय? करडं छप्पर, करडं गवत, करडा माणूस. मी फ्यूशिया डिक्शनरीत काढला. मिळाला, पण तिथे त्या नावाचं एक फूल आहे एवढंच. ते फूल काही आमच्या कुंडीत नव्हतं. मग मीच मनाने रंग लावला, जास्वंदाचा. आजही फ्यूशिया म्हटलं की मला जास्वंदी रंगाची छपरं दिसतात. ती मी कधीच पाहिलेली नाहीत.

पुढे कळलं की हाच गेम सुपर गेम बॉयमधून टीव्हीला जोडला, तर प्रत्येक गावात शिरल्यावर सगळ्या चित्रावर त्या गावाच्या नावाची छटा चढायची. म्हणजे त्यांनी विचार केला होता. आमच्यापर्यंत तो टीव्हीवाला जोड आलाच नाही, आणि बरंच झालं.

तेव्हा उपयोग होतो का, तर मला झाला. जे पडद्यावर दाखवता येत नव्हतं ते त्यांनी पाटीवर लिहिलं.

डोंगरकपारी

गच्चीवरचा, __/\__ जास्वंदी छपरं!

खडूस_काका

भावना पोचल्या. पण वस्तुस्थिती बघा. माणसाला दहाबारा गावांची नावं हवीत, वेळ कमी, मग रंगांच्या पेटीवरची यादी उचलली. झालं सूत्र. आमच्या कंपनीत सर्व्हरना ग्रहांची नावं होती, शनी कायम बंद पडायचा. त्यात कुणाला खोल अर्थ सापडला नाही. धागाकर्तीनेच म्हटलंय की दोनदा गेम संपवून पत्ता लागला नाही. जे सूत्र दोनदा खेळून दिसत नाही त्याचा खेळणाऱ्याला उपयोग शून्य.

शिवाय खरी गावं अशी नसतात. खऱ्या नकाशावर कुणी बसून ओळीनं रंग वाटत नाही. म्हणून ही नावं खोटी वाटतात.

भटकी_मांजर

काका, शनी बंद पडायचा यात खोल अर्थ नाही म्हणताय?

योकोहामाकर

मी सध्या कांतोतच राहतो, म्हणजे खऱ्या. पोकेमॉनचा पहिला प्रदेश ज्या भागावर बेतलाय तो तोक्योच्या आसपासचा कांतो. गेमचं नाव आणि नकाशातलं नाव एकच. मूळ जपानी गेम १९९६ चा, इंग्रजी आला १९९८ ला, आणि मधल्या काळात गावांची नावं बदलली. त्यात खूप मजा आहे.

जपानीतही रंगच आहेत, पण वेगळे. आणि प्रत्येक गावाची पाटी एका साच्यातली: अमुक गाव, अमुक रंग, कशाचा रंग. इंग्रजीतलं पॅलेट म्हणजे मूळचं 'मासारा', आणि पाटी म्हणते, मासारा पांढरंशुभ्र, सुरुवातीचा रंग. कोरा कागद! पुढचं 'तोकिवा', सदाहरित. मग 'निबी', करडा, दगडाचा रंग, आणि तिथला जिमवाला, म्हणजे ज्याला लढतीत हरवायचं तो, दगडांचे पोकेमॉन घेऊन बसलेला. काका, हा योगायोग नाही. नाव वाचलंत तर आपला कुठला पोकेमॉन पुढे घालायचा याचा अंदाज दारातच येतो.

आता गडबड कुठे झाली ते सांगतो. सेलाडॉन म्हणजे ती फिकट हिरवट झाक असलेली चिनी मातीची भांडी असतात ना, तो रंग. पण इंग्रजी पाटीवर लिहिलंय, इंद्रधनुषी स्वप्नांचं शहर. हिरवट भांड्याचा आणि इंद्रधनुष्याचा काय संबंध? संबंध मूळ नावात आहे. जपानीत ते 'तामामुशी', एक चमकदार भुंगा, ज्याच्या पाठीवर हिरवा, तांबूस, सोनेरी असे रंग उन्हात फिरतात. नाव बदललं, पाटी तशीच राहिली.

चौकोनी_लाडू

थांबा थांबा. 'मासारा'? जपानीत ल नसतो ना? मग मसाला कसा लिहितात?

योकोहामाकर

मासारा. तस्साच. इथल्या भारतीय हॉटेलांच्या पाटीवर गरम मासारा असतो. पहिल्यांदा गेमचा जपानी नकाशा पाहिला तेव्हा मला वाटलं, नायक मसाला गावचा.

शून्य_ब्याटरी

राजवाडा नव्हता, गिरण होती. पंचवीस वर्षांनी उलगडा झाला.

चौकोनी_लाडू

मालवणी की कोल्हापुरी?

डोंगरकपारी

मी भूगर्भशास्त्र शिकवते, त्यामुळे एक खोडसाळ शंका. इंग्रजी यादीत व्हर्मिलियन आणि सिनाबार अशी दोन वेगळी गावं आहेत. सिनाबार म्हणजे आपला हिंगूळ, पाऱ्याचं सल्फाइड, ज्वालामुखी आणि गरम झऱ्यांच्या भागात सापडतो. तो दळला की जो तांबडा रंग मिळतो तोच व्हर्मिलियन. म्हणजे खडकाला एक गाव आणि त्याच्या पुडीला दुसरं गाव! मराठीत दोन्हीकडे हिंगूळवाडीच म्हणावं लागेल, बुद्रुक आणि खुर्द.

पण सिनाबार बेटावर ज्वालामुखी दाखवलाय, तो खडक तिथे असणं अगदी शास्त्रशुद्ध. नाव देणाऱ्याला माहीत होतं की चुकून जमलं, ते तो जाणे.

काका, खरी गावं सूत्रानं नसतात म्हणालात. वडगाव, पिंपळगाव, चिंचवड, बाभूळगाव, आंबेगाव, बोरगाव, जांभूळवाडी. हे कोणी ठरवून दिलं नाही, पण एसटीच्या वेळापत्रकापुढे उभं राहिलं की वनस्पतिशास्त्राचा तास वाटतो. पोकेमॉनच्या दुसऱ्या भागात, जोहतोत, हेच केलंय: चेरीग्रोव्ह, अझेलिया, महॉगनी, ब्लॅकथॉर्न. झाडं आणि फुलं. मला ती नावं कांतोपेक्षा जास्त खरी वाटतात.

खडूस_काका

वडाखाली गाव वसलं म्हणून वडगाव. आधी वड, मग नाव. गेममध्ये आधी नाव, मग वड रंगवतात. फरक आहे.

डोंगरकपारी

हा मुद्दा मान्य.

गल्ली_क्रिकेट

तुम्ही सगळे कुठल्या जमान्यात आहात? इकडे या. गावाचं नाव म्हणजे पबजीतलं पोचिंकी. बास.

मी बारावीत होतो तेव्हा आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना तालुक्यातली गावं धड सांगता आली नसती, पण विमानातून उडी मारल्यावर पोचिंकी कुठे, रोझोक कुठे, जॉर्जोपोल कुठे हे झोपेत विचारा. आई जेवायला हाक मारायची, मी ओरडायचो, पोचिंकीत आहे, पाच मिनिटं! ती शेजारणीला म्हणायची, कुठे जातो हा काय माहीत. २०२० च्या सप्टेंबरात सरकारनं बंदी घातली, तेव्हा गावच बुडाल्यासारखं झालं. पुढच्या वर्षी बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतीय अवतार, आला आणि पोचिंकी जिथल्या तिथे. धरणातलं देऊळ उन्हाळ्यात वर येतं तसं.

पण खरं सांगतो, पोचिंकी म्हणजे काय हे आजपर्यंत कुणी विचारलं नाही. मीपण नाही.

समोवार

मी विचारलं होतं, कारण मी तेव्हा रशियन शिकत होते. धाकटा भाऊ खेळायचा आणि मी मागे उभी राहून पाट्या वाचायचे.

'पोचिनोक' हा जुना रशियन शब्द. जंगल तोडून नव्यानं वसवलेली वस्ती. 'पोचिन' म्हणजे आरंभ. पोचिंकी त्याचंच अनेकवचन, आणि रशियात निझनी नोव्हगोरोदच्या बाजूला या नावाचं खरं गाव आहे. म्हणजे आपल्याकडे नवेगाव किंवा नवीवाडी म्हणतात तसलं साधं, मातीतलं नाव. त्यावर पोरं रोज पन्नास वेळा मरतात.

इरांगेलमधली, म्हणजे पोचिंकी ज्या बेटावर आहे तिथली, बाकीची नावंही अशीच. 'सेवेर्नी' म्हणजे उत्तरेचं, आणि ते नकाशात वरच आहे. 'प्रिमोर्स्क' म्हणजे समुद्राकाठचं, आणि ते किनाऱ्यावरच आहे. 'रोझोक' म्हणजे छोटं शिंग. यास्नाया पोल्याना वाचलं तेव्हा मी भावाच्या हातातून फोनच घेतला. ते टॉल्स्टॉयच्या वाडीचं नाव! अर्थ, लख्ख उजेडाचं माळरान. तिथे माझा भाऊ एका बाथरूममध्ये बंदूक धरून लपला होता.

गंमत म्हणजे खुद्द इरांगेल हे रशियन नाव नाहीच. गेम ज्यांच्या कल्पनेतून आला त्या ब्रेंडन ग्रीन यांनी ते बेट आपल्या मुलीच्या नावावरून घडवलं. मांजरताई, म्हणजे तुमच्याकडे सोपा मार्ग आहे.

भटकी_मांजर

सुचवून पाहिलं. "स्वतःचं नाव गावाला? आई, मी काय पुढारी आहे?"

गल्ली_क्रिकेट

समोवारताई, नवेगाव?? आम्ही इतकी वर्षं नवेगावात उड्या मारत होतो? सगळी शान गेली. 😭

पबजीच्या त्या वाळवंटवाल्या नकाशाचं, मिरामारचं पण सांगा ना.

समोवार

स्पॅनिश मला फारशी येत नाही, पण 'पेकादो' म्हणजे पाप. आणि पेकादोत काय आहे? कसिनो आणि मुष्टियुद्धाचा आखाडा. 'एल पोझो' म्हणजे विहीर. आणि सानहोक, पबजीचा आणखी एक नकाशा, हे तर मुद्दाम जोडलेलं नाव: थाई भाषेतलं 'सानुक', म्हणजे मजा, आणि फिलिपिनो 'मानोक', म्हणजे कोंबडी. जिंकल्यावर कोंबडीचं जेवण मिळतं ना त्या खेळात, म्हणून.

चौकोनी_लाडू

मजाकोंबडी बेट. मांजरताई, एक नाव माझ्याकडून नक्की झालं.

पेठेतला_पोपट

उशिरा आलो. अर्थबाउंड कुणी खेळलंय का? जपानात १९९४ ला आला, अमेरिकेत १९९५ ला. मी बराच नंतर खेळलो, पण नावांच्या बाबतीत माझा सगळ्यात आवडता. पहिलं गाव ओनेट, दुसरं टूसन, तिसरं थ्रीड, चौथं फोरसाइड. वन, टू, थ्री, फोर! नकाशा उघडायची गरज नाही. थ्रीडमध्ये पोचलो म्हणजे तिसऱ्या पायरीवर. आणि फोरसाइडनंतर फाइव्ह येत नाही, येतं समर्स, समुद्रकिनाऱ्यावरचं गाव. मोजायची सवय लागली आणि पायाखालची पायरीच काढून घेतली. मी तिथे खरंच थबकलो होतो.

काका, तुम्ही म्हणता खरी माणसं असं करत नाहीत. आमच्याकडे सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. सातही वार पेठांना वाटून टाकले. आणि तेही आधी वड मग नाव असं नाही. गुरुवार पेठ आधी वेताळ पेठ होती. चांगलं वेताळाचं नाव काढून वार चिकटवला, कारण यादी पुरी करायची होती. तुमच्या ग्रहांच्या सर्व्हरसारखंच.

शून्य_ब्याटरी

पुणेकराने चार गेमची चर्चा शेवटी पेठेत आणून सोडली. वेळ: साडेतीन दिवस. अपेक्षेपेक्षा जास्त लागला.

पेठेतला_पोपट

दुपारी बंद होता धागा.

खडूस_काका

वेताळ पेठेचा मुद्दा चांगला आहे. वेताळच ठेवायला हवा होता.

सांगलीचा_सॅम

आमच्या पिढीचं गाव एकच, जीटीए गेममधली व्हाइस सिटी. कॉलेजच्या मागे एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये, कीबोर्डवरची डब्ल्यू आणि ए ही अक्षरं पुसून गेलेली. खुर्चीला चाकं होती, त्यातलं एक नव्हतं. आम्ही तिघं एका खुर्चीमागे उभे. समुद्रकिनारा, ताडाची झाडं, गुलाबी दिवे. नाव वाचून मला वाटायचं 'व्हॉइस सिटी', म्हणजे गाणी लागतात म्हणून. गाडीत बसलं की रेडिओ लागायचा ना! व्हाइस म्हणजे दुर्गुण हे इंग्रजीच्या तासाला कळलं. शहर मात्र मायामीचं सोंग.

मग सॅन अँड्रियास आला. कॅलिफोर्नियात भूकंपाची जी भेग आहे तिचं नाव अख्ख्या राज्याला दिलं. लॉस एंजेलिस म्हणजे देवदूत, म्हणून गेममधलं लॉस सँटोस म्हणजे संत. हॉलिवूडचं व्हाइनवूड, कॉम्प्टनचं गॅन्टन. हे सूत्र म्हणजे खरं नाव ओळखू येईल इतकंच वाकवायचं.

चौकोनी_लाडू

सांगलीचं काय केलं असतं त्यांनी?

सांगलीचा_सॅम

चांगली. मग मिरजेच्या लोकांनी त्या गेमवर बंदी मागितली असती.

योकोहामाकर

थोडं अवांतर. पोकेमॉनच्या पुढच्या भागांत दर वेळी नवं सूत्र धरलंय. तिसऱ्यात दोन शब्द जोडून एक केला. झाडांवर घरं असलेलं ते फोर्ट्री. पाण्यावर ओंडक्यांवर तरंगणारं गाव ते पॅसिफिडलॉग, म्हणजे पॅसिफिक आणि लॉग. पाचव्यात ढग आहेत: स्ट्रायटॉन, निंबासा, इसिरस, म्हणजे स्ट्रेटस, निंबस, सिरस. सातव्यात हवाई बेटं, तिथे गावं नाही पण चारही बेटांना हवाईयन भाषेतले रंग दिले. मेलेमेले पिवळं, आकाला गुलाबी, उलाउला लाल, पोनी जांभळं. वीस वर्षांनी परत रंगांवर आले, तेही भाषा बदलून. मला ते फार आवडलं.

गच्चीवरचा

लॅव्हेंडरबद्दल कुणीच बोललं नाही. सगळ्या गावांत ते एकटं असं होतं जिथे मी आवाज बंद करून चालायचो. मेलेल्या पोकेमॉनच्या थडग्यांचा मनोरा तिथे. नाव काय, तर लॅव्हेंडर! साबणाचा वास. पाटी म्हणते, उमदा जांभळा. आणि आत शिरलं की ते संगीत. नावानं गाफील ठेवलं आणि मग घाबरवलं.

समोवार

त्या संगीताने जपानात मुलं दगावली वगैरे फॉरवर्ड फिरतं, ते कुणीतरी रचलेली भुताची गोष्ट आहे. इथे कुणी चिकटवायच्या आत सांगून ठेवते.

गल्ली_क्रिकेट

चिकटवणारच होतो. 😐

आडवाटेचा_अभियंता

मी गेम बनवतो, म्हणजे कंपनीतल्या शंभर जणांतला एक. काकांना थोडं उत्तर द्यावंसं वाटतं.

सुरुवात तुम्ही म्हणता तशीच होते. कुणीतरी यादी काढतं, कारण तारीख डोक्यावर असते. पण यादी हाती आली की ती काम करायला लागते. चित्र काढणारा विचारतो, प्यूटर म्हणजे करडं, मग इथली छपरं दगडी करू का? नावातून गाव घडतं. आधी नाव मग वड, हे खरंच, पण वड उगवतो ना.

हॉलो नाइटमध्ये (२०१७) 'सिटी ऑफ टिअर्स' आहे, आसवांचं शहर. जमिनीखाली असूनही तिथे कायम पाऊस. का? खूप वर, शहराच्या डोक्यावर, एक तळं आहे, ते झिरपतंय. कुणी सांगत नाही. तुम्ही खूप तासांनी त्या तळ्याकाठी पोचता, खाली बघता, आणि मग ते नाव कळतं. मी तो क्षण आल्यावर कंट्रोलर खाली ठेवून चहा करायला गेलो.

आणि सगळ्यात लाडकं उदाहरण ब्रेथ ऑफ द वाइल्डमधलं टॅरी टाउन. हडसन नावाचा सुतार ओसाड जागी गाव वसवतोय, तुम्ही त्याला माणसं आणून द्यायची. पण त्याच्या कंपनीचा नियम, नावाच्या शेवटी 'सन' हवंच. मग तुम्ही सगळ्या राज्यात लोकांना नावं विचारत फिरता. ग्रेसन, फायसन, र्‍होंडसन, कॅपसन. बाकी गेममध्ये मी ज्या लोकांना ढकलून पुढे जायचो त्यांना थांबून नाव विचारायला लागलो. इथे नावाचं सूत्र हाच खेळ आहे.

मांजरताई, मी सुचवेन की नाव छान आहे का हे मुलीला विचारू नका. त्या गावात गेल्यावर काय करायचं, ते विचारा.

खडूस_काका

टॅरी टाउनचा खेळ मी यूट्यूबवर पाहिला. एक तास गेला. बरा आहे.

डोंगरकपारी

काका वितळले! स्क्रीनशॉट घ्या.

पेठेतला_पोपट

आपल्याकडचं उदाहरण म्हणून, राजी नावाचा गेम पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी केलाय, २०२० चा. त्यात हिरण्यनगरी आहे. नावात सोनं आणि राक्षस दोन्ही. आपल्याला ते वाचताच उमजतं, परदेशी खेळाडूला ती नुसती एक जागा. गच्चीवरच्यांचं फ्यूशिया झालं, त्याच्या बरोबर उलट.

शून्य_ब्याटरी

बाय द वे, सात नावांचं काय झालं? धागा काढून मांजरताई गायब.

भटकी_मांजर

गायब नाही, वाचत होते. तिलाही वाचून दाखवत होते, दुर्गुण वगळून.

झाडं नको म्हणाली, कारण पिंपळगावला तिची मावशी राहते. रंग नको, "ते त्यांनी घेतले". मजाकोंबडीवर दहा मिनिटं हसली आणि मग नको म्हणाली. मग अभियंत्यांनी लिहिलं होतं तसं विचारलं, बाई गं, तुझ्या गावांत गेल्यावर करायचं काय? ती उठली, वही घेऊन गॅलरीत गेली, दार लावून घेतलं. तासाभराने आली. नकाशातल्या नदीला आता नाव आहे, हायवे. गावं अशी:

सुट्टे. इथल्या दुकानात उरलेले पैसे परत मिळत नाहीत, नेमकी नाणी हवीत.
पुढेसरका. एका जागी तीन सेकंद उभं राहिलं की मागून धक्का बसतो.
विनंतीथांबा. इथे हात दाखवल्याशिवाय काहीच उघडत नाही.
सिंगलबेल. इथे गेम सेव्ह होतो.
डबलबेल. इथे थांबताच येत नाही. शिरलात की दुसऱ्या टोकानं बाहेर. पण मोडक्या पुलाची फळी याच गावात आहे.
अर्धंतिकीट. बारा वर्षांच्या आतलेच आत जाऊ शकतात.
शेवटचास्टॉप. इथे कंडक्टर राहतो. तो सगळ्यांचं तिकीट परत तपासतो.

मी म्हटलं, अगं अर्धंतिकीटात मी येऊ शकत नाही मग. तिनं विचार केला. "आई, बायकांना आता अर्धंच आहे ना. तू ये. बाबा नाही." पुढच्या वर्षी ती स्वतः बारा पूर्ण करते, तेव्हा तिलाही हीच सवलत लागू पडेल, हे तिनं आधीच बघून ठेवलंय.

आडवाटेचा_अभियंता

डबलबेलला थांबता येत नाही आणि फळी तिथेच आहे. हिला नोकरीला ठेवा कुणीतरी.

सांगलीचा_सॅम

सिंगलबेलला सेव्ह!! अरे काय डोकं आहे. घंटा एकदा वाजली की गाडी थांबते, दोनदा वाजली की सुटते. हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे आणि एकाला सुचलं नाही.

गल्ली_क्रिकेट

पुढेसरका मध्ये उडी मारणार मी. पोचिंकी कॅन्सल.

खडूस_काका

मी अडुसष्ट वर्षांचा आहे. ज्येष्ठांनाही अर्धंच तिकीट असतं. तिला विचारून सांगा, मला त्या गावात प्रवेश आहे की नाही.

भटकी_मांजर

विचारलं. आधार कार्ड दाखवावं लागेल म्हणतेय.

शून्य_ब्याटरी

म्हणजे पोरं, बायका, आजोबा सगळे आत. बाहेर फक्त आम्ही बाबा लोक.

खडूस_काका

कार्ड आहे. गेम झाला की इथेच कळवा. डबलबेलची फळी न थांबता उचलायची कशी, ते मी सध्या कागदावर मांडून बघतोय.